डाग लागू पडला

आई,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर तुला लिहायचं धाडस करतेय. लग्न होऊन मी भोरला आले तेव्हा हौसेनं तुला दोन पत्रं धाडली होती. ती तू शाळेतल्या मास्तरांकडून वाचून घेतलीस आणि पुढच्या खेपेला मी माहेरी पाय ठेवते न ठेवते तोच चुलीपुढूनच मला सुनावलंस, "जे सांगायचं ते यष्टीत बसून यायचं आन माझ्या तोंडावर सांगायचं. मास्तरापुढं माझं काळीज उघडं पाडायचं न्हाई." तिसरं पत्र मी लिहिलंच नाही. आता तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मास्तरही गेले, आणि तू आहेस तिथवर कुठली यष्टी जात नाही. तेव्हा हे तिसरं समज. रागावू नकोस. मला भीती वाटतेय म्हणून लिहितेय.

झालं असं, की गेल्या महिन्यात भर दुपारी दळण चालू असताना लाईट गेली. आपली गिरणी अजून तिथंच आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. ह्यांचे गुडघे गेल्यापासून मीच चालवते. मोटार बंद पडली, पट्टा दोन-चार फेऱ्या मारून निवला, आणि एकदम सामसूम झालं. गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, कानात नुसतं वारं भरल्यागत होतं. त्या शांततेत मला ठोके ऐकू आले. एक, मग लगोलग दोन, मग काहीच नाही, मग घाईघाईनं तीन-चार. मला वाटलं दळण न्यायला आलेली कुणी बाई शटर वाजवतेय. मी उठून शटर वर केलं तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. ठोके मात्र चालूच होते, आणि ते माझ्याच छातीत होते. मी पिठाच्या डब्यावर बसले आणि मला तुझं उखळ आठवलं.

तू मला ते पहिल्यांदा सांगितलंस ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढं आहे. मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला आपलं घर, मागं भाताची खाचरं, आणि स्वयंपाकघरात जमिनीत पुरलेलं ते उखळ. सगळ्या गावाचं भात यंत्रावर जायला लागलं तरी सणाचे तांदूळ तू घरीच कांडायचीस, समोर दुसरी बाई घेऊन. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली. त्यात ताल चुकला तर मुसळावर मुसळ आपटतं आणि दोघींचे हात झिणझिणतात. त्या दिवशी तू भिंतीला टेकून बसली होतीस, कपाळावर घाम, आणि मी काय होतंय म्हणून विचारल्यावर छातीवर हात ठेवून म्हणालीस, "आत दोघी बायका कांडाया बसल्यात गं. आन त्यातल्या एकीला ताल न्हाई." मी हसले होते. पुढं कितीतरी डॉक्टरांनी तुझ्या दुखण्याची लांबलचक इंग्रजी नावं सांगितली, पण त्यातल्या एकालाही ते तुझ्याइतकं चांगलं सांगता आलं नाही.

भोरच्या डॉक्टरांनी तुझ्या छातीचा आलेख काढला, कागद हातात धरून बराच वेळ बघितला आणि पुण्याला न्यायला सांगितलं. तिथून गोळ्या सुरू झाल्या. एक ठोके आवरायची, एक रक्त पातळ ठेवायची. तिथले डॉक्टर म्हणाले, असं वेडंवाकडं चाललेल्या हृदयात रक्त साकळतं, त्याची गुठळी निघून डोक्यात गेली तर घात होतो. रक्ताच्या गोळीसाठी दर महिन्याला रक्त तपासावं लागे. तू आपल्या फाट्यावरून गाडी धरायचीस, कापूरहोळला उतरून भोरची गाडी बदलायचीस, माझ्या घरी मुक्काम करायचीस, आणि दर वेळी पिशवीतून आंबेमोहोराचे तांदूळ काढून माझ्यापुढं ठेवताना कुरकुरायचीस, "रगत काय दूध हाय व्हय, पातळ करून वाढवायला?" ठोक्यांची गोळी तुला मानवली नाही. तू दोनदा चक्कर येऊन पडलीस, त्यात एकदा तर चुलीपाशीच. तेव्हा पुण्याच्या त्या डॉक्टरांनी नवीनच निघालेल्या उपचाराची गोष्ट काढली.

तो डॉक्टर वयानं लहान होता, पण माणूस चांगला. त्यानं कागदावर हृदयाचं चित्र काढलं, त्यात बाण दाखवले, वीज कुठून निघते, कुठं भलतीकडे फुटते, सगळं सांगितलं. तू आणि दादा नुसते मान हलवत होतात. शेवटी तो बिचारा तुझ्या भाषेत यावं म्हणून म्हणाला, "मावशी, सोप्पं सांगतो. जिथनं ती चुकीची वीज येते, तिथं आम्ही आतून डाग देतो. डाग दिला की तिची वाट बंद." तुझा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आत्ता गं बया! डाग द्यायचाय व्हय! मग हे आधी न्हाई का सांगायचं?" दादा हसला, डॉक्टरही हसला. मीही हसले असेन. त्या एका शब्दानं काय पेरलं होतं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

कारण डाग म्हणजे काय, ते तुला पक्कं ठाऊक होतं. मी दीड वर्षाची असताना माझं पोट फुगलं, तर वरच्या आळीच्या म्हातारीनं उलथनं तापवून माझ्या पोटाला डाग दिले होते. बेंबीच्या भोवती तीन. अजून आहेत, मसुराएवढे, गुळगुळीत. आमच्या लहानपणी पोरांना डागायचे, बैलाला डागायचे, बायकांच्या कंबरेला डागायचे. त्याचे नियमही असत आणि तुला ते तोंडपाठ होते. डाग दिला की वरून औषध द्यायचं नाही. द्याल तर डागाची ताकद जाते, रोग माघारी फिरतो. पहिले काही दिवस दुखणं उसळतं, त्याला भ्यायचं नाही. ते निवलं की डाग लागू पडला, आणि एकदा लागू पडला की रोग त्या अंगात पुन्हा यायचा नाही. मी पोटावरच्या त्या डागांची लाज बाळगून मोठी झाले. तू मात्र कुणी पाव्हणी आली की माझं परकर-पोलकं वर करून ते दाखवायचीस.

त्या उपचारासाठी तू तुझी बोरमाळ मोडलीस. तेवढा एकच सोन्याचा डाग अंगावर उरला होता. उरलेला भार दादाच्या कंपनीनं आणि त्या डॉक्टरानं कसाबसा उचलला. सराफाकडून बाहेर पडताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर तू मलाच चिडवलंस, "रडतीस काय? एक डाग मोडला, एक डाग घेतला. ह्यो तर चोरबी न्यायचा न्हाई." दवाखान्यातून परत आल्यावर तुला सगळ्यात नवल वाटलं ते जांघेतल्या बारीकशा छिद्राचं. काळजाला डाग द्यायला कुणी जांघेतून जातं का, म्हणून तू आल्यागेल्या प्रत्येक बाईला ते सांगायचीस आणि पदर तोंडाला लावून हसायचीस. डॉक्टरानं बजावलं होतं, सुरुवातीला दोन-तीन महिने अधूनमधून धडधड होईल, घाबरू नका. तेही तुझ्या नियमात अगदी बसलं. डाग आधी उसळतोच.

आणि मग खरंच थांबलं, आई. वर्षाच्या तपासणीला आलेख सरळ निघाला. तू भाताच्या आवणीला पुन्हा चिखलात उतरलीस, डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चढ चढायला लागलीस. डॉक्टर खूश झाला, पण म्हणाला, "मावशी, रक्ताची गोळी मात्र सोडायची नाही. तुमचं वय आहे, बीपी आहे." तू त्याच्या तोंडावर "व्हय, व्हय" म्हणालीस. त्यानंतर किती दिवसांनी कोण जाणे, एकदा भोरला माझ्या ओट्यापाशी भाजी निवडत बसली होतीस आणि मी सहज विचारलं, गोळी घेतलीस का. तू मेथीची जुडी सोडवत होतीस ती सोडवतच राहिलीस. "न्हाई घेत."

"कधीपासून?"

"आलेख सरळ आला तवापास्नं. डागावर औशीद चालत न्हाई. तुला म्या कुठं दिलं व्हतं?"

मी खूप बोलले. हा डाग तसला नव्हे, तो नुसता समजावण्यापुरता शब्द होता, डॉक्टरानं चित्र काढून सांगितलं होतं, असलं सगळं. तुझा आवाज चढला नाही. तू एवढंच म्हणालीस, "लई श्यानी झालीस. तो एवढा शिकल्याला माणूस माझ्यासंगं खोटं बोलला, असं म्हणतीस व्हय तू?" तो खोटं बोलला नव्हता. तूही चुकीचं ऐकलं नव्हतंस. मी दादाला सांगितलं, दादानं तुला समजावलं, डॉक्टरांकडे पुन्हा नेऊ म्हणाला. तू शेतातली कामं पुढं करून एकेक महिना ढकलत राहिलीस, आणि तब्येत तर अशी की समजावणारा खुळा वाटावा. उखळ गप्प झालं होतं. त्रास असताना तुला दवाखान्यात नेणं सोपं होतं. तू बरी झाल्यावर तुझ्यापुढं कुणाचंच काही चालेना.

त्यानंतरची दोन वर्षं मी आता पुन्हा पुन्हा उलगडून बघते, आणि त्यात मला नको ते दिसतं. एकदा मी तुला सोडायला कापूरहोळला आले होते. परतीच्या गाडीत तू चढलीस, कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं, आणि तू म्हणालीस, "भात." त्यानं पुन्हा विचारलं. तू पुन्हा म्हणालीस, "भात." मग स्वतःशीच चिडून हातानं पुढचा रस्ता दाखवलास. गाडीतली माणसं हसली, कंडक्टर म्हणाला, "आजी, घरी जाऊन जेवा मग भात." मी खिडकीखाली उभी होते, मलाही हसू आलं. गाडी सुटेपर्यंत तुझं बोलणं नीट झालं होतं आणि तू खिडकीतून मला पोरांना ताक देऊ नको म्हणून ओरडून सांगत होतीस. आज मला माहीत आहे, तेव्हाच एक बारीक गुठळी तुझ्या डोक्यात जाऊन आली होती. तेव्हा ती नुसती गंमत होती, पुढं सगळ्या पाहुण्यांत सांगितलेली.

मग ती सकाळ. कापणी उरकलीय, मी पोरांना घेऊन चार दिवस माहेरी आलेय. तू चुलीपुढं तांदळाची भाकरी थापतेयस आणि मी शेजारी बसून तुझ्याशी कशावरून तरी वाद घालतेय. तू भाकरी तव्यात टाकतेस, पाण्याचा हात फिरवतेस आणि तुझा हात तव्यावर तसाच राहतो. मी ओरडते. तुला पोळल्याचं कळत नाहीये. मी हात ओढून घेते तर तो ओल्या कापडासारखा माझ्या हातात येतो. तुझं तोंड एका बाजूला उतरलंय. तू माझ्याकडे बघतेस, काहीतरी सांगू पाहतेस, आणि एकच शब्द बाहेर येतो, "डाग." मी म्हणते, काय आई? "डाग. डाग." भाकरी करपून धूर निघालेला. तू भाकरीचं म्हणत होतीस का, पोळलेल्या हाताचं, की आणखी कशाचं, मला आजतागायत कळलेलं नाही.

माझा आरडाओरडा ऐकून ती वरच्या आळीची म्हातारी आली, तीच, मला डागणारी. पार वाकली होती, पण एका नजरेत तिनं ओळखलं. "अंगावरनं वारं गेलंय. टाळूला डाग द्या, हाय तवर." आणि कुणाला न विचारता तिनं उलथनं निखाऱ्यात खुपसलं. तू बघत होतीस. तुझी मान हलत नव्हती, पण डोळे त्या उलथन्यावर होते, ते लाल व्हायची वाट बघत असल्यासारखे. मी ते तिच्या हातातून ओढून पाण्याच्या बादलीत टाकलं. चर्रर्र झालं, वाफ आली, आणि तू डोळे मिटलेस. दादा कुणाचा तरी दुधाचा टेम्पो घेऊन आला. नसरापूर, मग पुणे. वाटेत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि डोळे तू एकदाच उघडलेस, तेही माझ्याकडे बघायला नाही.

त्या तरुण डॉक्टरानं तुला तपासलं आणि आमच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, ठोके पुन्हा बिघडलेत, आणि हे आजचं नसावं. बरेच महिने असेच चालू असतील. दादा म्हणाला, पण तिला काहीच होत नव्हतं हो, धाप नाही, धडधड नाही. तो म्हणाला, काहींना उपचारानंतर परत आलेलं कळतच नाही, त्रास न देता येतं. मग त्यानं गोळीबद्दल विचारलं. दादानं सांगितलं. तुझा डागाचा नियमही सांगितला. तो एवढंच म्हणाला, "तो शब्द मी वापरायला नको होता." तू आठवडाभर होतीस, पण बोलली नाहीस. म्हणजे उखळ गप्प झालं नव्हतं. आतल्या दोघी न वाजवता कांडत होत्या.

आता त्या माझ्याकडे आल्यात. माझ्याकडे तरी वाजवत आल्या, एवढंच बरं. मी पुण्याला जाऊन आले. आता एक डॉक्टरीणबाई आहेत, पन्नाशीच्या, तुटक बोलणाऱ्या. तुझं त्यांच्याशी पटलं असतं किंवा कडाक्याचं भांडण तरी झालं असतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला ती प्रोसिजर करता येईल, आता तंत्र पुष्कळ सुधारलंय, कधी जाळतात, कधी गोठवतात. मी विचारलं, कायमचं बरं होईल? त्या म्हणाल्या, "तसं मी कुणालाच सांगत नाही. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही. काहींना परत येतं, पुन्हा करावं लागतं. त्रास नक्की कमी होईल. पण त्रास थांबला म्हणजे धोका टळला असं समजायचं नाही, रक्ताची गोळी मी म्हणेन तोवर घ्यायची, आणि काही होत नसलं तरी तपासणीला यायचं." एवढं सरळ तुझ्याशी कुणी बोललं असतं तर, असं माझ्या मनात आलं. मग आठवलं, बोलला होता की तो बिचारा. पण तोवर तू तुझा शब्द घेऊन घरी निघून आली होतीस.

पुढच्या सोमवारी मला दाखल व्हायचंय. लेकीला सांगितलंय, ती येणार आहे. गोळी मी रोज घेते, कधी चुकवत नाही. पण पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना दुसरा हात आपोआप पोटावरच्या त्या तीन डागांवर जातो, आणि मला वाटतं आपण तुझं काहीतरी मोडतोय. दुपारी लाईट जाते तेव्हा मी रेडिओ लावते. गिरणीत रेडिओ कशाला, म्हणून गिऱ्हाईक विचारतं. मी म्हणते, करमत नाही.

एक सांगायचं राहिलं, आणि तेवढ्यासाठीच हे सगळं लिहीत आले असेन. त्या बाईंनी केसपेपर भरताना विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं का हे?" मी म्हटलं, आईला. त्यांनी मान वर केली. "त्यांचंही केलं होतं? मग पुढं काय झालं?" हे विचारणं माझ्याच भल्यासाठी होतं, मला कळत होतं. पण माझ्यापुढं तू उभी राहिलीस, सराफाच्या दारातली, रिकाम्या गळ्याची, मलाच चिडवणारी. मास्तरापुढं माझं काळीज उघडं पाडायचं न्हाई.

"काही नाही," मी म्हटलं. "डाग लागू पडला होता. आई वयानं गेली."

त्यांनी तसंच लिहून घेतलं.